नाव ठेवण्याआधी गेलेले मूल

हिंदू धर्मशास्त्राने तान्ह्या मुलाचा मृत्यू अंत्यसंस्कारांच्या नेहमीच्या चौकटीबाहेर ठेवला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायानुसार दोन वर्षांच्या आतील मूल दहन न करता गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे, त्याचे अस्थिसंचयन करू नये आणि उदकक्रिया, म्हणजे मृताला पाणी देण्याचा विधी, हीदेखील करू नये. याज्ञवल्क्यस्मृतीचाही नियम असाच आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आजही अशा मुलाला मूठमाती दिली जाते आणि दहावा-तेरावा होत नाही. घरोघरी मुले दगावत असलेल्या काळात ही सूट दयेचीच ठरली असावी. परंतु सूट आणि मनाई यांतील फरक व्यवहारात पुसला गेला, आणि ‘लहान जिवाचं काही करायचं नसतं’ या वाक्याचा अर्थ त्याच्याविषयी काही बोलायचेही नसते, असा होऊन बसला.

प्रस्तुत लेखिकेने हे वाक्य २००९ च्या जून महिन्यात ऐकले, तेव्हा सातव्या महिन्यात जन्मलेली आणि दीड दिवस जगलेली तिची मुलगी पांढऱ्या कापडात गुंडाळून पती व सासरे घेऊन गेले होते. बाळंतिणीने स्मशानात जायचे नसते म्हणून ती वॉर्डातच राहिली. खड्डा कुठे खणला, त्यात काय घातले, हे तिने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला, तेव्हा सासूबाईंनी जुने लुगडे फाडून छाती घट्ट बांधली, पण ती गाठ मारताना दोघींपैकी एकीनेही मुलीचा उल्लेख केला नाही.

बाराव्या दिवशी, म्हणजे एरवी बारसे झाले असते त्या दिवशी, नणंद दुपारच्या गाडीने आली. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि जमलेल्या बायका ‘कुर्रर्र’ करीत तिच्या पाठीत धपाटे घालतात. इथे पाळणा नव्हता, बायका नव्हत्या. नणंदेने दार लोटले, आजीने शिवलेली कुंची लेखिकेच्या ओटीत ठेवली आणि बाळाच्या कानात सांगायचे नाव आईच्या कानात सांगितले. सासूबाईंनी कुंचीला हळदीकुंकवाचे बोट लावले आणि तेच नाव मोठ्याने उच्चारले. हा विधी कोणत्याही पोथीत नाही, तरीही त्यानंतर घरात ‘ते झालं तेव्हा’ असे म्हणणे थांबले, कारण आता म्हणायला नाव होते.

मनुस्मृतीचे तेच स्थळ पुढे वाचल्यास असे दिसते की, तीन वर्षांखालील मुलाला पाणी देऊ नये असे सांगतानाच, दात आले असतील किंवा नामकरण झाले असेल तर द्यायला हरकत नाही, अशी मुभा तिथे आहे. मूल नटवून, अलंकार घालून ठेवावे, असेही तिथे म्हटले आहे. त्याला अरण्यात लाकडासारखे सोडून यावे, हेही लगेच पुढे आहे, त्यामुळे हा ग्रंथ कनवाळू होता, असा दावा करता येणार नाही. नावामुळे मूल पाणी देण्याजोगा आप्त होते, एवढे मात्र त्याने ओळखले होते. जपानमध्ये न जन्मलेल्या किंवा अकाली गेलेल्या मुलांसाठी होणाऱ्या ‘मिझुको कुयो’ या बौद्ध विधीत जिझो या बालरक्षक बोधिसत्त्वाच्या मूर्तीला लाल टोपडे घालतात, आणि टोकियोच्या झोजोजी मंदिरात अशा मूर्तींच्या रांगा उभ्या आहेत. तथापि १९७० च्या दशकापासून त्याचा प्रसार होताना काही ठिकाणी शापाचे भय दाखवून स्त्रियांकडून पैसे घेतले गेले, आणि भय दाखवणाऱ्या विधीला आधार म्हणता येत नाही.

त्याच वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला लेखिकेच्या पतीने, भटजींना न विचारता, मुलीचे नाव घेऊन ताम्हनात तीन ओंजळी पाणी सोडले. त्या रात्री त्याने प्रथमच सांगितले की, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले होते, खड्ड्यात दोन किलो मीठ घातले होते, आणि मिठाची पिशवी त्यानेच दातांनी फोडली होती.