सत्याण्णवचं समाधान

जळगाव-धुळे पट्ट्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप भाड्याने द्यायचं माझं काम. २०२१च्या कोविड लाटेत धंदा वाढला, त्याबरोबर माझा शहाणपणाही. घरोघर एकच सांगत सुटलो होतो, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा पंच्याण्णवच्या खाली येऊ देऊ नका. अमळनेरच्या एका आजींच्या घरीही तेच सांगितलं आणि तिथे फसलो.

आजींचा जन्म चुलीपुढे गेलेला. धुराने फुप्फुसं निकामी होत आलेली, सीओपीडी. अशा रुग्णाला ८८ ते ९२ पुरतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक लिटर लिहिलं होतं. आकडा नव्वद दिसला की मुलगा फोन करायचा आणि मी सांगायचो, दोन करा, तीन करा. चिठ्ठी बदलायचा मला काय अधिकार? पण तेव्हा ते सुचलंच नाही.

आकडा सत्याण्णववर गेला. मुलगा खूश, मीही. व्हिडिओ कॉलवर आजी पुटपुटल्या, "माले झोप येस, भाऊ." म्हटलं, झोपू द्या, किती दिवसांनी आराम पडलाय! दुसऱ्या दिवशी हात गरम, घास हातातच राहिलेला, डोळे मिटलेले. आकडा मात्र तसाच झकास.

धुळ्याला नेलं. मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासलं तर कार्बन डायऑक्साइड बराच वाढलेला. बोटावरची चिमटी लाल आणि अवरक्त प्रकाशाने फक्त ऑक्सिजन मोजते. बाहेर न पडलेला वायू तिला दिसत नाही. अशा फुप्फुसांना ऑक्सिजन जास्त दिला की रक्त नको त्या भागांकडे वळतं आणि हा वायू साचून गुंगी येते. टास्मानियातल्या रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजून ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू बरेच कमी आढळले होते. हे मी नंतर वाचलं.

आजी बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, सावरल्या. घरी आल्यावर रात्री कवळी काढायच्या, गाल आत जायचे आणि मास्कमधून फुसफुस हवा गळायची. मी पट्टे आवळले. नाकावर जखम झाली, गळती तशीच. यंत्राच्या कार्डात गळतीची रोजची नोंद होती, पण ते काढून बघायचा मला कंटाळा. शेवटी मास्क बदलला.

आता बोटाच्या आकड्यावरून ऑक्सिजन आपोआप कमीजास्त करणारी यंत्रं निघाली आहेत. कातडीला चिकटवून कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सरही आहेत. मला दुसरे जास्त हवेसे वाटतात. पहिल्याला कोणी ९६चं लक्ष्य दिलं, तर माझीच चूक ते रात्रभर न थकता करील.

हल्ली फोन आला की आधी विचारतो, हाक मारल्यावर नीट बोलतात का? आकडा मागाहून. आजींची सून अजूनही नव्वद दिसलं की घाबरून फोन करते. तिला ती धास्ती मीच घालून ठेवलीय.