आखणीआधी आणि आखणीनंतर

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंगते. डोळे मात्र शेवटपर्यंत कोरे. डोळे रेखण्याचा, म्हणजे आखणीचा हात वेगळा आणि त्याला मानही वेगळा. हमरापूर-जोह्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला गेलात तर अशा बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या रांगाच दिसतील.

माझं कामही डोळ्यांचंच, पण बघणाऱ्याच्या. पडद्यावर चित्र दाखवायचं, आय ट्रॅकरने नजर टिपायची आणि त्या आकड्यांना संख्याशास्त्राचं मॉडेल बसवायचं. नजर चित्रावरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं. ती उड्या मारते, सेकंदाला साधारण तीन-चार. दिसतं ते मधल्या पाव सेकंदाच्या मुक्कामात. उडी चालू असताना जवळजवळ काहीच नाही.

मुक्काम कुठे संपला आणि उडी कुठे सुरू झाली, हे ठरवण्यातच निम्मा जीव जातो. साधी पट्टी इथे चालत नाही, कारण नजरेचा पसारा आडवा जास्त असतो, उभा कमी. तो पसारा धरून मोजणारं अंतर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ मध्ये मांडलं, तेच कामी येतं.

मोजलेली नजर दाखवायची वेळ आली की मला राग येतो तो रंगीत डागांच्या नकाशांचा. शंभर जणांची नजर एकावर एक रचली की पोस्टरवर छान दिसते, पण कोण आधी कुठे गेलं आणि का, ते पुसलं जातं. रशियाचा संशोधक आल्फ्रेड यारबुस याने चित्रकार रेपिनचं एकच चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. माणसांची वयं विचारली तर नजर चेहऱ्यांवर फिरली. घरची सांपत्तिक स्थिती विचारली तर कपड्यांवर, सामानावर. प्रश्न बदलला की वाट बदलते.

त्याहून मोठी फसगत मध्याची. माणूस पडद्याच्या मध्याकडे बघतोच, आणि फोटो काढणाराही मुख्य गोष्ट मध्यातच ठेवतो. ‘सगळे मध्यात बघतात’ एवढंच जाणणारं बाळबोध मॉडेल कित्येक भारी मॉडेलांना मागे टाकतं. त्याला हरवल्याशिवाय कुणी बढाई मारू नये.

आता गणपतीचा फोटो घ्या. डोळे वरच्या मध्याला. नजर तिथे थांबली तर श्रेय आखणीचं की मध्याचं? चेहऱ्यातले डोळे नजर ओढतात हे पक्कं आहे. रेषेतून उतरलेल्या डोळ्यांचा वाटा किती, हे वेगळं काढायला तीच मूर्ती डोळ्यांविना हवी. ती पेणमध्ये आयती मिळते.

पेण-रोह्याकडच्या कुणा विद्यार्थ्याने हे मनावर घ्यावं. एकच मूर्ती, तीच जागा, तोच उजेड. एक फोटो आखणीआधी, एक नंतर. दाखवताना चेहरा कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवा. निम्म्यांना कोरी मूर्ती दाखवा, निम्म्यांना आखलेली. कारखानदाराला आधी विचारा, आणि आखणी चालू असताना त्या कारागिराशी बोलू नका.