आमच्या घरातील बीगल

कुत्र्याविषयी आमच्या समाजाची वृत्ती पूर्वापार दुहेरी आहे. सोबत आलेल्या कुत्र्यासाठी धर्मराजाने स्वर्गही नाकारला, ही कथा आपण मुलांस कौतुकाने सांगतो; पण तोच प्राणी ओसरीवर चढला की आपला हात काठीकडे जातो. तेव्हा माझ्या पुतण्याने पुण्याहून बीगल जातीचे तीन महिन्यांचे पिल्लू माजलगावच्या आमच्या घरी आणले, त्या वेळी काय गहजब झाला असेल याची वाचकांस कल्पना येईल. घरात माणसे अकरा. आई पंच्याऐंशीच्या पुढे, सोवळे कडक. शेवटी दादांनी निकाल दिला, "दिवाळीपर्यंत वळण लागले तर राहील, नाही तर परत." जन्मभर मास्तरकी केली म्हणून वळण लावण्याचे काम माझ्याकडे आले.

विद्यार्थ्यास शिकविण्यापूर्वी त्याची प्रकृती ओळखावी. बीगल ही इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी जोपासलेली जात. मुधोळचा शिकारी कुत्रा नजरेने सावज हेरतो. बीगल जमिनीस नाक लावून वासामागे जातो. टोळीने माग काढावा आणि तो लागताच लांब सूर काढून शिकाऱ्यास कळवावे, हा त्याचा पिढीजात धंदा. याच नाकामुळे अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातील फळे व मांस हुडकण्याच्या कामी बीगल नेमले गेले. सबब, वासात गुंतलेला बीगल हाकेस धावून आला नाही, तर तो उद्धटपणा नव्हे.

परंतु आमच्या घरी खरी अडचण निराळीच होती. नातू "सिट" म्हणे, वहिनी "खाली बस" म्हणत, आई "हाड" म्हणे. एकाने पानावरून हाकलावे, दुसऱ्याने हळूच पोळीचा तुकडा टाकावा. अकरा गुरूंचा एक शिष्य काय शिकणार? मी स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लावली व तीवर पाच शब्द लिहिले: ये, बस, थांब, सोड, नको. याखेरीज सहावा शब्द कोणी उच्चारावयाचा नाही. खाणे दोन वेळा, ठरल्या वेळी, एकाच हातून. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे आणि भाजीतील कांदा त्यास अपायकारक, म्हणून तेही पाटीवर लिहिले.

शिक्षेचा प्रश्न निघाला तेव्हा मी आदिपर्वातील सरमेची गोष्ट सांगितली. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या तिघा भावांनी त्यास मारले. "माझ्या निरपराध मुलास का मारले?" असे तिने विचारले, तेव्हा कोणास उत्तर देता आले नाही. कुत्र्यास झालेली चूक आणि उशिरा मिळालेला मार यांचा संबंध जोडता येत नाही; प्रत्येक उशिराची शिक्षा त्याच्या दृष्टीने निरपराध्यास केलेलीच. बक्षिसाचेही तसेच, ते त्याच क्षणी हवे.

'थांब' हा धडा आम्ही स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर घेतला. पाय आत पडण्यापूर्वी शब्द, तो क्षणभर थांबला की भाकरीचा तुकडा व शाबासकी. क्षणाचे दहा क्षण, मग मिनिट. धडा पाच मिनिटांपेक्षा लांबवीत नसू. उन्हाळ्याची झळ सरली नव्हती, म्हणून सकाळी लवकर व दिवेलागणीनंतर. आषाढ संपेतो तो उंबरठ्याबाहेर आपण होऊन बसू लागला.

बाहेर मात्र अजून साखळी लागते. सिंदफणेच्या बाजूस फिरावयास नेले आणि एखादा ताजा वास लागला, की पाची शब्द व्यर्थ! तेथे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; साखळी लांब ठेवून त्यास थोडे हुंगू द्यावे, म्हणजे तो घरी शांत राहतो.

दिवाळीस दादांनी विषय काढला. आई म्हणाली, "माझे सोवळे त्याने एकदाही मोडले नाही. राहू दे त्याला." प्रश्न मिटला.

पाटी अजून दारावर आहे. पूर्वी वहिनींनी नाकारलेला लाडू नातू आजीकडून मिळवी. आता आजीही पाटीकडे बोट दाखवून "नको" म्हणते, आणि तो निमूटपणे परत फिरतो.