वालपराईतले आठ दिवस

१३ जून
कोइम्बतूरहून पोल्लाची आणि तिथून वालपराईची बस. आळियार धरण मागे पडलं की घाट लागतो. चाळीस वळणं, प्रत्येक वळणाला नंबराची पाटी. वर पोचल्यावर मात्र जंगल दिसत नाही, चहा दिसतो. डोंगरामागून डोंगर, नुसता चहा. इंग्रज मळेवाल्यांनी १८९० च्या दशकापासून इथलं वर्षावन तोडून मळे वसवले. सुमारे २२० चौरस किलोमीटरच्या या पठारावर मूळ रानाचे आता तुकडेच उरलेत. वन्यजीव-अभ्यासक दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन दोन दशकांहून जास्त काळ ते तुकडे पुन्हा उभे करताहेत. त्यांच्या कामाबद्दल वाचल्यापासून इथे येऊन हातभार लावायचा, हे मनात होतं.

१४ जून
पहिल्या दिवशी काम एकच, घाणेरी काढायची. आमच्या संगमेश्वराकडच्या बांधांवर असते तीच ही. फुलं गोजिरवाणी, पण तिच्या जाळीखाली रानातल्या झाडांचं रोप डोकं वर काढू शकत नाही. कोयत्याने वरून छाटली तर महिन्याभरात पुन्हा फुटते, म्हणून कुदळीने बुडखा काढावा लागतो.

दुपारी एक चूक झाली. घाणेरीबरोबर मी वीतभर उंचीचं एक रोप उपटलं. शेजारी काम करणाऱ्या अक्कांनी माझा हात धरला, रोप घेतलं, मुळं ओल्या मातीत पुन्हा दाबली आणि वर पाचोळा पसरला. ते आपोआप रुजलेलं रानजांभळाचं रोप होतं. पक्ष्याने टाकलेलं बी, कुणीही न लावता उगवलेलं. अशा एका रोपाची किंमत आपण लावलेल्या दहा रोपांएवढी, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर मी प्रत्येक देठ बघूनच हात घातला.

१५ जून
दिवसभर पाऊस. जळवा. मोज्यांना तंबाखूची भुकटी चोळली, तरी चार लागल्याच.

१६ जून
आज रोपवाटिकेत. काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने मांडलेली, आणि त्यांत एका कोपऱ्यात तांबूस, लोंबत्या कोवळ्या पानांचं रोप. बघताक्षणी ओळखलं, नागचाफा! आमच्या देवराईत आहे. इथे त्याला नांगू म्हणतात. पलीकडे धूप, त्यापलीकडे जायफळाच्या रानटी जाती. शेकडो कोसांवर येऊन माहेरची माणसं भेटावीत तसं झालं. सह्याद्री एकच आहे हे पुस्तकात वाचणं वेगळं, तांबडं पान बोटात धरून कळणं वेगळं.

या रोपांचं बरंचसं बी रस्त्याकडेचं. रानातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पडलं की ते गाडीखाली चिरडणार किंवा वाळणार, म्हणून तिथलंच वेचायचं. रानातल्या बियांवर रानाचा हक्क.

१७ जून
पुदुतोट्टमच्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडांचा कळप. काळीभोर अंगं, चेहऱ्याभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. जगात फक्त पश्चिम घाटात असलेलं हे माकड झाडावर राहणारं. रस्त्याने रान चिरलं की त्याला खाली उतरावं लागतं, आणि गाड्या भरधाव. म्हणून दोन्हीकडच्या झाडांना जोडणारे झुलते पूल बांधलेत. एक मादी पोटाशी पिल्लू धरून पुलावरून गेली. मी श्वास रोखून पाहिलं. वेडिपला या झाडाची काटेरी फळं त्यांची आवडती, आणि आम्ही लावणार त्या रोपांत वेडिपला आहे.

गाडीतल्या कुणी तरी बिस्किट फेकलं. राखणदार अण्णांनी गाडी थांबवून ते उचललं. प्राणी वाचवण्याच्या नावाखाली अनाथ पिल्लं मांडीवर देऊन फोटो काढू देणाऱ्या सहली निघतात. त्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. इथे आल्यापासून कुणी एकाही प्राण्याला हात लावलेला मी पाहिला नाही.

१८ जून
रात्री चौकातला तांबडा दिवा लागला. हत्ती जवळपास आहेत. मोबाइलवरून पेटवायचे हे दिवे, शिवाय फोनवर संदेश आणि केबल टीव्हीवर सूचना. मळ्यातल्या माणसाला अंधारात हत्ती समोर आल्यावर कळण्याऐवजी आधी कळतं, एवढ्याने जीव वाचतात. ही सूचनायंत्रणा उभारणाऱ्या आनंद कुमार यांना या कामासाठी २०१५ मध्ये निसर्गसंवर्धनाचा व्हिटली पुरस्कार मिळाला. आमच्या लाइनीतल्या, म्हणजे मळा-कामगारांच्या चाळीतल्या, बायका दिवा बघून शांतपणे परत फिरल्या, उद्या सकाळी जाऊ म्हणाल्या.

२० जून
काल आणि आज लावणी. पिशवी फाडायची, तळाशी गोल फिरलेली मुळं छाटायची, माती हाताने दाबायची. माझ्या हातची एकतीस रोपं झाली. दोन नागचाफे. शेवटचं लावताना डोक्यावरून पंखांचा मोठा घरघराट गेला. आमच्याकडे माडगरुड म्हणतात तो धनेश. फळ खाऊन बी दूर टाकणारा, रानाचा खरा माळी.

निघताना अक्कांनी मूठभर बी पुढे केलं. घेतलं नाही. हे इथलं, इथेच रुजू दे. आमच्या देवराईत नागचाफा आहे, त्याचं बी मी गावात वेचीन.

यंदा तुम्हाला कुणी वृक्षारोपणाला बोलावलं तर जरूर जा. पण खड्ड्यात रोप ठेवण्याआधी विचारा, हे झाड कुठलं आणि त्याचं बी कुठून आणलं.