लेकीनं आईला बोलवायचं पत्र

१८ जून २०२५, बुधवार
तुकोबांच्या पालखीचं आज प्रस्थान. घरात पाहुण्यांची वर्दळ, हे दिंडीत. रात्री ब्रॅम्प्टनहून लेकीनं व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्राचा कच्चा मसुदा धाडला. पत्र पानभर, पण मी कशाला येतेय ते एका ओळीत उरकलंय : ‘आईला कॅनडा बघायचा आहे.’ नायगारा दाखवलास तर बघेन, पण मी येतेय ती तुझ्या बाळंतपणाला. तेच लिही.

१९ जून
पालखी आकुर्डीकडे गेली. दुपारी लेकीचा फोन. “आई, एजंट म्हणतो बाळंतपणाचा उल्लेख टाळा, ही बाई तिकडेच राहील असा संशय येतो.” मला हे मुळीच पटत नाही. खरं कारण दडवलं, तर उरलेल्या कागदांवर तरी व्हिसा अधिकाऱ्यानं विश्वास का ठेवावा? आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिची नोकरी, तिचा दवाखाना तिकडे, म्हणून आईच निघाली आहे. ही रीत त्याला ठाऊक नसणार, म्हणून तर दोन वाक्यांत सांगायची. ऑक्टोबरातली तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्रही जोडायला सांगितलं.

२२ जून, रविवार
ह्यांचा मुक्काम लोणी काळभोरला. पाय बरे आहेत म्हणाले.
दोघींनी व्हिडिओ कॉलवर पत्र नव्यानं लिहिलं. माझं नाव पासपोर्टात आहे तसंच, जन्मतारीख, पत्ता, फोन, नातं. मग तिचं : जन्मतारीख, पत्ता, हुद्दा, पीआर, म्हणजे तिकडची कायमची रहिवासी, असल्याचा उल्लेख, घरात माणसं किती. पीआर कार्डाची प्रत, पगाराच्या पावत्या सोबत. खर्चावर थोडी वादावादी झाली. ती म्हणे, “सगळा मीच करते असं लिहिते.” पण तिकीट मी माझ्या पेन्शनीतून काढणार आहे, राहणं-खाणं तिच्याकडे. मग पत्रातही तसंच हवं. अर्जात, बँकेच्या उताऱ्यात आणि पत्रात एकच हिशेब दिसला पाहिजे.

२४ जून
जावयांनी सुपर व्हिसा सुचवला. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं; वर्षभराचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा मात्र लागतो. ज्यांना नातवंडांजवळ दीर्घकाळ राहायचंय त्यांना तो सोयीचा. माझं घर इथं आहे. साध्या व्हिसावर बहुधा सहा महिने मिळतात, तेवढे पुरेत.
इथली जमीन दाखवायला डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत काढला. तो मराठीत, म्हणून इंग्रजी भाषांतर करून घ्यायला दिला.

२६ जून
राहिला होता परतीचा परिच्छेद. तिनं लिहिलं होतं, ‘आई मुदतीत परत जाईल.’ असं तर सगळेच लिहितात. मी सांगितलं, कारणं लिही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांचं औषधपाणी माझ्याकडे. ह्यांचा ऊस इथं. मार्चमध्ये तुकाराम बीज. तेव्हा आमच्याकडे पंगती उठतात आणि स्वयंपाकघर मी सांभाळते. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात परत. ती थोडा वेळ बोलली नाही, मग मी सांगितलं तसं टाइप केलं आणि सही केली.
पत्रानं व्हिसा मिळतोच असं नाही, निर्णय त्यांचा. फी शंभर डॉलर, बोटांच्या ठशांचे पंच्याऐंशी वेगळे. ठशांसाठी पुण्याला जायचं ते हे वारीहून परतल्यावर. सासूबाईंना दिवसभर एकटं ठेवणार नाही.