‘किंवा’

विभागाच्या ईमेल खात्यातील वार्षिकांकाचा सारा पत्रव्यवहार, त्यात आमच्या दिवंगत सरांची पत्रेही, आम्हांला संगणकावर उतरवून घ्यायचा होता. संगणकावरील जुना मेल-प्रोग्रॅम मात्र दर वेळी एकच उत्तर देई : नाव किंवा पासवर्ड चुकीचा. “तुम्ही बदललात का?” “मी कशाला बदलू?” वीस वर्षांच्या स्नेहाला एवढा संशय पुरेसा होता.

वास्तविक ब्राउझरमधून त्याच पासवर्डने खाते उघडत होते. हा पुरावा समोर असूनही आम्ही तासभर कॅप्स लॉक तपासत बसलो. संहितेतील ‘किंवा’कडे दुर्लक्ष करू नये, असे वर्गात बजावणाऱ्यांनी! सर्व्हर ते ‘किंवा’ जाणूनबुजून योजतो. नेमके काय चुकले हे सांगितले, तर असे खाते आहे एवढे तरी परक्याला कळेल. त्या वाक्याआड कधी तिसरी शक्यताही दडलेली असते : पासवर्ड खरा, पण तो या वाटेने आणलेला चालत नाही. गेल्याच महिन्यात आम्ही खात्याला दुहेरी पडताळणी लावली होती. त्यानंतर जुन्या प्रोग्रॅमला वेगळा, 16 अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ द्यावा लागतो. तो तयार केला. पोर्ट 995, एसएसएल. पत्रे उतरू लागली.

आणि तेव्हाच आठवले, की पॉप पद्धतीत पत्र उतरले की सर्व्हरवरचे मूळ पुसले जाऊ शकते. घाईघाईने ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या पर्यायावर खूण केली. तोवर एकच पत्र आले होते, सरांचे : “मुद्रिते पाहिली. पृष्ठ 9 वर एक अनुस्वार राहिला आहे.”