नॅशव्हिलची गाती पेठ आणि मुके पडदे

मद्यगृहाचें नांव काढतांच आमच्या कांहीं वाचकांच्या, विशेषतः घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या, कपाळाला आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या गांवांत गाणें ऐकावयाचें तर पानगृहाचाच उंबरठा ओलांडावा लागतो, त्या गांवाचें वर्णन करतांना तो उंबरठा टाळणें म्हणजे महाबळेश्वरीं जाऊन धुक्याचें नांव न काढण्यासारखें होईल. तेथें लिंबाचें सरबतहि मिळतें आणि तें मागणाऱ्याकडे कोणी वांकड्या नजरेनें पाहत नाहीं, एवढें आरंभींच सांगून टाकतों.

तें गांव म्हणजे अमेरिकेंतील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. कंबरलँड नदीच्या पश्चिम तीरापासून हळूहळू वर चढत जाणारा ब्रॉडवे नांवाचा एक रुंद रस्ता येथें आहे. त्याच्या नदीकडील चार-पांच चौकांच्या टापूंत दुतर्फा जीं पानगृहें आहेत, त्यांना तिकडे ‘हॉंकी-टॉंक’ म्हणतात. सकाळीं दहा-अकराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे पेठेंतील दुकानांच्या फळ्या उघडून तास-दोन तास होतात न होतात तोंच, तेथें पहिला बँड गाऊं लागतो. तो सूर मध्यरात्र उलटून गेली तरी थांबत नाहीं. कित्येक इमारतींना तीन-तीन मजले असून प्रत्येक मजल्यावर निराळा बँड वाजत असतो. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या एका कानांत एक गाणें शिरतें, दुसऱ्या कानांत दुसरें. पुष्कळ ठिकाणीं रंगमंच अगदीं दर्शनी खिडकीशीं असतो. त्यामुळें गाणाऱ्यांची पाठ रस्त्याकडे आणि तोंड आंतील श्रोत्यांकडे, अशी बैठक होते. प्रवेशाला बहुधा कांहीं पडत नाहीं.

या गांवाला ‘संगीतनगरी’ हें नांव मिळालें त्याला मोठा हातभार एका विमा कंपनीनें लावला, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. त्या कंपनीनें १९२५ सालीं डब्ल्यू. एस. एम. हें नभोवाणी केंद्र काढलें. त्याच वर्षीं २८ नोव्हेंबरच्या रात्रीं अंकल जिमी थॉम्प्सन नांवाच्या सत्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानें तेथें फिडल वाजविलें, आणि ग्रामीण संगीताच्या त्या कार्यक्रमाला पुढें ‘ग्रँड ओल ऑप्री’ हें नांव पडलें. १९४३ पासून १९७४ पर्यंत हा कार्यक्रम ब्रॉडवेपासून हाकेच्या अंतरावरील रायमन सभागृहांत होत असे. हें सभागृह १८९२ सालीं भजन-प्रवचनांसाठीं बांधलेलें. आजहि तेथें देवळांतल्यासारखीं लांब लाकडी बाकें आहेत.

रायमनच्या मागील बोळाच्या पलीकडे ‘टूट्सीज ऑर्किड लाउंज’ हें पानगृह आहे. टूट्सी बेस या बाईनें तें १९६० सालीं घेतलें. ऑप्रीचे गवई मधल्या वेळांत बोळ ओलांडून तिच्याकडे येत. विली नेल्सन, क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्यासारखे पुढें नांवारूपाला आलेले गीतकार पडत्या काळांत तिच्या आश्रयाला असत, आणि त्यांच्या उधारीच्या चिठ्ठ्या ती सिगारच्या एका डब्यांत ठेवीत असे, असें सांगतात. १९७४ च्या मार्चमध्यें ऑप्री गांवाबाहेरील नव्या इमारतींत गेली, रायमन ओस पडलें आणि ब्रॉडवेलाहि अवकळा आली. १९९४ सालीं रायमनचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां ही पेठ पुनः गजबजूं लागली.

आतां या गाणाऱ्यांचा चरितार्थ कसा चालतो तें पाहूं. चार-चार तासांची एकेक पाळी असते. मालकाकडून मिळणारें वेतन थोडें. खरी भिस्त श्रोत्यांनीं स्वखुषीनें दिलेल्या पैशावर. रंगमंचापुढें एक बरणी किंवा बादली ठेवलेली असते. तासा-दीड तासानें बँडांतील कोणीतरी ती घेऊन मेजामेजांतून फिरतो. आपल्याकडे कीर्तनाच्या शेवटीं आरतीचें तबक फिरतें, किंवा संगीत बारींत दौलतजादा होतो, त्याच जातीचा हा व्यवहार. फर्माईश करावयाची तर नोट पुढें करावी लागते, आणि जें गाणें दिवसांतून दहा वेळां गाऊन गवई विटलेला असतो, त्याच्यासाठीं नोट मोठी लागते! हल्लीं भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्यासाठीं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट छापून बरणीवर चिकटविलेली असते. साधन बदललें तरी मूळ गोष्ट तीच राहिली आहे. श्रोत्यानें मान वर करून गाणाऱ्याकडे पाहिलें, तरच त्याचा हात खिशाकडे जातो.

आणि येथेंच टेलिव्हिजनचा प्रवेश होतो. पेयांच्या बाटल्यांच्या मांडणीवर, खांबांवर, जिन्याच्या तोंडाशीं, क्वचित् रंगमंचाच्या माथ्यावरहि, पडदे टांगलेले असतात. त्यांवर फुटबॉल नाहीं तर आइस हॉकी चालू असते. बँड वाजत असल्यानें पडद्याचा आवाज बंद करून ठेवलेला असतो. मालकाच्या दृष्टीनें पाहिलें तर या व्यवस्थेंत विसंगति कांहींच नाहीं. गाणें खिडकींतून रस्त्यावर जाऊन गिऱ्हाईक आंत ओढून आणतें, आणि सामना त्याला दोन-तीन तास जागेवर खिळवून ठेवतो. एक बोलावणारा, दुसरा बसवून घेणारा. दोघेहि मालकाचे चाकरच. मात्र यांपैकीं एका चाकराला पोट आहे आणि दुसऱ्याला नाहीं.

ऑक्टोबरांतील एका दुपारीं अशाच एका पानगृहांत आम्ही बसलों होतों. श्रोते मोजून अकरा. रंगमंचावर चौघेजण होते. गाणारी एक मध्यमवयीन बाई, एक फिडलवाला, एक गिटारवाला आणि मागें ड्रम वाजविणारा एक पोरसवदा मुलगा. बाईंचा गळा तयार होता. शब्द स्वच्छ, आणि स्वराला एक प्रकारचा दुखरा गोडवा. परंतु अकरांपैकीं आठ जणांच्या माना पडद्याकडे वळलेल्या. एक कडवें ऐन रंगांत आलें असतां पडद्यावर कोणीतरी गोल केला आणि त्या आठांनीं एकदम आरोळी ठोकली. बाईंनीं गाणें थांबविलें नाहीं; ती आरोळी जणूं आपल्याच तानेला मिळालेली दाद आहे अशा थाटांत त्यांनीं किंचित् मान लवविली आणि पुढचें कडवें उचललें. सगळे हंसले, आम्हीहि हंसलों. पण ड्रमवाल्या मुलाकडे आमचें लक्ष गेलें, तेव्हां तोहि ठेका धरून, मान न हलवितां, केवळ डोळ्यांच्या कोपऱ्यांतून तोच सामना पाहत असल्याचें दिसलें! त्याला दोष तरी काय द्यावा? हलणाऱ्या चित्राकडे डोळा आपसूक ओढला जातो. त्याला परत आणावयास निश्चय लागतो.

त्यानंतर बाईंनीं एक संथ गाणें घेतलें. पडद्याकडे पाठ करून बसलेली एक वृद्धा पहिल्यापासून ऐकत होती. तें गाणें बाईंनीं सबंध तिच्याकडे पाहून म्हटलें. गाणें संपल्यावर वृद्धा उठली, काठी टेंकीत रंगमंचापाशीं गेली आणि बरणींत एक नोट टाकून बाईंचा हात क्षणभर हातांत धरून उभी राहिली. त्या पाळींत बरणी दोनदां फिरली. दुसऱ्या फेरीनंतर फिडलवाल्यानें नोटा मोजून चार वाटे केले, ते आम्हांस दिसले. त्यांतील एक वाटा म्हणजे त्या गांवांतलें दोघांचें साधें जेवण होईल, इतकाच होता.

यंत्र आणि गवई यांचा हा सामना आजचा नव्हे. मुक्या चित्रपटांच्या काळीं आमच्याकडेहि पडद्याखालीं पेटी-तबलेवाले बसत आणि चित्राच्या रंगाप्रमाणें वाजवीत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलूं लागला आणि पडद्याखालचे ते वादक हळूहळू उठून गेले. अमेरिकेंत १९२७ नंतर हजारों वादकांची हीच गति झाली. तेथील वादकांच्या संघानें जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालीं १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला. तबकड्यांमुळें ज्यांचें काम गेलें त्यांच्यासाठीं कंपन्यांनीं निधि द्यावा, ही त्यांची मागणी. मोठ्या कंपन्यांनीं ती मान्य करीपर्यंत दोन वर्षें उलटून गेलीं. पुढें १९४७ सालीं बेसबॉलची ‘वर्ल्ड सिरीज’ स्पर्धा प्रथमच टेलिव्हिजनवर दिसली, तेव्हां घरोघरीं संच नसल्यानें पाहणारे बहुतेक लोक पानगृहांतच जमले होते. मुक्या चित्राच्या काळीं वादक पडद्यासाठीं वाजवीत होता. आज पडदा पुनः मुका झाला आहे, पण वादक त्याच्याविरुद्ध वाजवितो आहे.

कायद्याची दृष्टि कशी असते याचाहि एक मासला देण्यासारखा आहे. इंग्लंडांत पूर्वीं पानगृहांत एक-दोन वादक असल्यास निराळा परवाना लागत नसे. २००३ चा परवाना-कायदा २००५ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आला, तेव्हां एकट्या गवयालाहि परवान्याची अट लागूं झाली. परंतु मोठ्या पडद्यावर सामना दाखविण्यास मात्र त्या अटींतून सूट होती! गवई तेवढा गोंगाट करणारा आणि टेलिव्हिजन म्हणजे खुर्ची-मेजासारखें सामान, असाच त्याचा अर्थ झाला. वादकांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, तेव्हां २०१२ च्या कायद्यानें लहान मैफलींवरील तें ओझें उतरविलें.

तरी पण टेलिव्हिजनला सरसकट खलपुरुष ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. नभोवाणीचें यंत्र नसतें तर जिमी थॉम्प्सनचें फिडल गांवाच्या वेशीबाहेर कोणीं ऐकलें असतें? ब्रॉडवेच्या वरच्या टोंकाला १९९६ सालीं उघडलेलें हॉकीचें क्रीडागार आहे. तेथें सामन्याच्या मधल्या सुट्टींत बँड वाजतो. म्हणजे खेळाच्या घरीं गाणें पाहुणें आणि गाण्याच्या घरीं खेळ पाहुणा! २०१७ सालीं तेथील संघ प्रथमच अंतिम फेरींत पोंचला, तेव्हां हा सबंध रस्ता माणसांनीं फुलला होता. पाहुणा येवो; त्यानें यजमानाला माजघरांत ढकलूं नये, एवढेंच मागणें आहे. आणि हें मागणें केवळ नॅशव्हिलपुरतें नाहीं. आपल्या दिवाणखान्यांत मुलगी तंबोरा जुळवीत असतां कोपऱ्यांतील संच ‘आवाज बंद करून’ चालूच असतो, आणि आपण तिला ऐकत आहों अशी आपली प्रामाणिक समजूत असते!

आमचीं पुष्कळ मराठी कुटुंबें आतां अमेरिकेंत आहेत आणि इकडचीं वडील मंडळी त्यांच्याकडे जात-येत असतात. त्यांपैकीं कोणी नॅशव्हिलला गेल्यास सकाळच्या पहिल्या पाळीला जावें; गर्दी नसते, हवा स्वच्छ असते, आणि कांहीं ठिकाणीं सायंकाळपर्यंत मुलांनाहि नेतां येतें. बरोबर सुटे डॉलर असावेत. खुर्ची मात्र निवडून घ्यावी. पडद्याकडे पाठ येईल आणि गाणाऱ्याला आपला चेहरा दिसेल, अशी.